चांदीची दगडी कास

सारजा लग्न होऊन सुप्याला आली, तेव्हा तिच्या सासूच्या, रंगूबाईंच्या हाताचं गावात नाव होतं. कितीही ओढाळ शेळी असो, रंगूबाई कासेखाली बसल्या की मुकाट उभी राहायची. तीस वर्षं घरातली धार त्यांनीच काढली होती. त्यात कुणी बोलायचं नाही, हा घरचा रिवाज.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात सारजाचा नवरा गेणू इंदापूरकडं कालव्याच्या कामाला गेला होता. घरी सासू, सून, सात शेळ्या आणि चार महिन्यांची नकोशी. नकोशी म्हणजे सारजाच्या नणंदेची मुलगी. नणंद बाळंतपणात गेली आणि रंगूबाईंनी नातीला उचलून सुप्याला आणलं. ती शेळीच्या दुधावरच जगत होती.

एका सकाळी चांदी नावाची शेळी धारेला उभीच राहिना. सारजानं कासेला हात लावला तर ती तापलेली, एका बाजूनं दगडासारखी घट्ट. सड ओढला तर पाण्यासारखं दूध आणि त्यात गुठळ्या.

रंगूबाईंनी विळा चुलीत सरकवला. "दगडी झालीया. डागायला पायजे."

"न्हाय, आत्याबाई," सारजा म्हणाली. "गेल्या साली काळी डागली. दगडी तर गेली न्हायच, वर कास जळून सुकली. हिला मी डागू देनार न्हाय."

असं ती आजवर कधी बोलली नव्हती. रंगूबाईंनी विळा चुलीतून मागं ओढला. "मग करनार काय तू?"

"आतली घान आत ठेवायची न्हाय. काढत ऱ्हायचं."

दिवसभर ती थोड्या थोड्या वेळानं चांदीपाशी बसे. ऊन पाण्यात फडकं पिळून कास शेकायची, आणि हलक्या हातानं सड मोकळा करायचा. चांदी लाथा मारी, सारजाच्या मनगटावर वळ उठले. नासकं दूध ती गोठ्याबाहेर खड्डा करून पुरत होती. तिसऱ्या दिवशी चांदीनं पाल्याला तोंड लावलं. सारजाला हायसं वाटलं, आणि चौथ्या दिवशी मोरीची कास तापली. आठवडा झाला नाही तोच तांबडीची.

आता हाताखाली धडधाकट एकटी बांडी उरली. बाकीच्या तीन शेळ्या नुकत्या व्यालेल्या, त्यांचं दूध त्यांच्या करडांनाच पुरेना. नकोशी भुकेनं रडू लागली.

माळावर शेळ्या चारताना सारजा एकाच गोष्टीवर विचार करत होती. चरायचं रान एक, पाणी एक, गोठा एक. मग व्यालेल्या तिघींना काही का झालं नाही? त्यांच्या सडाला कुणाचा हात लागत नव्हता, नुसती करडं पीत होती. आणि ज्यांना झालं, त्या धारेच्या क्रमानं. आधी चांदी, मग मोरी, मग तांबडी. बांडी शेवटची.

हे सासूला सांगायचं कसं? पण संध्याकाळी बांडीकडं जाणाऱ्या रंगूबाईंच्या वाटेत ती उभी राहिली.

"आत्याबाई, हा रोग हातानं जातोय. चांदीची कास झाली की तेच हात मोरीला लागत्यात."

रंगूबाईंच्या हातातली चरवी खाली आली. "माझ्या हातात रोग हाय म्हनतीस?"

"माझं हात पन त्यातच हायेत. मी चांदीला शेकून तशीच तांबडीखाली बसले हुते. आजपास्नं आधी धडधाकट शेळी, आजारी शेवटी. आन् मधी राख लावून ऊन पान्यानं हात धुवायचं."

"तीस वरसं धार काढली मी!" असं म्हणून रंगूबाई ओसरीवर जाऊन बसल्या. दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत, गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

सारजा मागं हटली नाही. गोठ्यातली ओली माती उकरून तिनं कोरडी माती आणि राख पसरली. लिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं सड धुतले. पहिल्या दोन धारा ती काळ्या खापरात घेई, म्हणजे बारीकशी गुठळीसुद्धा लगेच दिसे. बांडी ठणठणीत राहिली. तिचं दूध तापवून, निववून नकोशीच्या पोटात जात होतं.

तिसऱ्या सकाळी रंगूबाई चुलीपाशी आल्या. दोन्ही हात पुढं करून म्हणाल्या, "वत पानी. तुला एकटीला किती जमनार हाय?"

सारजानं पाणी ओतलं. रंगूबाईंनी कोपरापर्यंत राख चोळली. मग खालमानेनं म्हणाल्या, "लेक हातची गेली. तिची लेक तरी जगू दे."

मोरी आणि तांबडी पंधरवड्यात बऱ्या झाल्या. चांदीच्या कासेचा आजारी भाग मात्र पिकून फुटला आणि त्या बाजूचा सड कायमचा आटला. लोक म्हणाले, विकून टाक. सारजानं विकली नाही. पुढच्या वेताला चांदीला दोन करडं झाली. एक तिच्या उरलेल्या सडावर वाढलं, दुसरं बांडीला लावलं.

नकोशी पहिल्यांदा उभी राहिली ती बांडीची लव धरून. त्या साली सुप्यात दगडी आणखी चार घरांत शिरली. बोलावणं आलं की दोघी सासू-सुना जोडीनं जात. आधी रंगूबाई पुढं होऊन घरच्या बाईला विचारत, "पानी तापवलंय का?" तापवलं नसेल, तर दोघी ते उकळेपर्यंत दारातच बसून राहत.