चार म्हशींची लाट

दाजी मंगळवारी गेले. शुक्रवारी संस्थेचं पत्र आलं. त्यात टाकीची तारीख होती.

समुद्रापासून एवढ्या लांब राहून समुद्रावर एवढा हक्क सांगणारा माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशिवाय मी दुसरा पाहिला नाही. आमच्या कोल्हापुरात पाणी म्हणजे नदी, तळं आणि उसाला द्यायची पाळी. दाजींना पाणी म्हणजे हाताखालचा रिकामा बसलेला कामगार वाटे. कागलच्या एमआयडीसीत त्यांनी सव्वीस वर्षं पंपांचे भाग ओतून काढले. एकदा माल पोचवायला रत्नागिरीला गेले आणि धक्क्याला बांधलेल्या होडीकडे तासभर पाहत उभे राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "पावणं, दिवसभर वरखाली चाललंय तिथं, आणि कुणी कामाला लावलेलं न्हाय." त्यांना हे सहन झालं नाही. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी किनाऱ्यावरच्या एका संस्थेत जहाजबांधणी आणि सागरी ऊर्जा या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. लाटांवर वीज कशी करावी, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय.

त्या दिवसापासून आमच्या घरातलं एकही भांडं नुसतं भांडं राहिलं नाही. काथवट हौदात सोडून तिच्या एका काठावर बटाटे ठेवायचे आणि ती कितव्या बटाट्याला कलंडते ते पाहायचं, हा त्यांचा रविवार. अक्का पिठाचे हात तसेच धरून वाट पाहत उभी असे. एका लग्नात तर त्यांनी पांढऱ्या रश्श्याच्या बादलीत वाटी तरंगत सोडली आणि शेजारच्या पाहुण्यांना जहाजाचा तोल समजावू लागले. वाढपी म्हणाला, "पावणं, रस्सा खायला आणलाय, बंदर बांधायला न्हाय." सगळी पंगत हसली. दाजीही हसले, पण वाटी त्यांनी काढली नाही.

मी एका वाचनालयात काम करतो. बोलण्यापेक्षा पुस्तकं जागच्या जागी लावणं मला बरं जमतं. म्हणून प्रबंधाची भाषा नीट करण्याचं काम माझ्याकडे आलं आणि त्याच्या मागोमाग स्टॉपवॉच आलं. दाजींच्या शेतात एक बांधीव तळं आहे, एका बाजूनं उतार असलेलं. त्यात त्यांनी एक निळं पिंप तरंगत ठेवलं होतं. पिंप वरखाली झालं की सायकलची साखळी ओढली जाई, डायनमो फिरे आणि तारेनं जोडलेला गोठ्यातला दिवा लागे. सगळं तयार होतं. फक्त लाट नव्हती. फळी हलवून पाहिली, तर दाजींचा खांदा धरला. मग त्यांचं लक्ष आपल्या चार म्हशींकडे गेलं.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मोटारसायकलीच्या मागे पळवतात. महिनाभर आधीपासून त्यांना गाडीच्या आवाजाची सवय लावतात. दाजींच्या म्हशींनाही ती होती. दाजी जुन्या मोटारसायकलीचा आवाज करत उताराकडे निघायचे, म्हशी मागून धावायच्या, काठाशी दाजी गाडी वळवायचे आणि म्हशी थेट पाण्यात. वजनाप्रमाणे त्यांचा क्रम ठरलेला होता. सर्वांत जड म्हैस शेवटी, कारण तिची लाट सर्वांत उंच. मी काठावर उभा राहून लाटांची उंची आणि वेळ लिहीत असे. सतराव्या चाचणीला दाजी वळायला विसरले. गाडीसकट आत गेले, आणि त्यांच्या मागून चारही म्हशी. मी चप्पल काढून पाण्यात उतरणार, एवढ्यात डोक्यावरचं शेवाळ बाजूला सारून ते ओरडले, "आधी उंची लिवा की! एवढी लाट परत घावायची न्हाय." ती लाट प्रबंधात आहे. वाक्य मीच लिहिलं आहे: 'या चाचणीत संशोधकाचाही सहभाग होता.'

परीक्षकांनी संगणकाच्या पडद्यावरून त्यांना विचारलं, "लाटा निर्माण करणारं यंत्र कोणत्या मेकचं आहे?" दाजींनी सरळ सांगितलं, "सर, तीन मुऱ्हा आणि एक पंढरपुरी." त्यात थट्टा नव्हती. परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मग अभिप्राय आला: लाटा अनियमित, साधन अमान्य, संस्थेच्या कृत्रिम लाटांच्या टाकीत पुन्हा चाचणी केल्याशिवाय पदवी नाही. टाकी एकच होती आणि रांग मोठी. दाजींना चौदा महिने थांबायला लावलं.

मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे. ज्या माणसानं ओतकामाच्या भट्टीपुढून सुट्टी काढून, एसटीच्या मागच्या बाकावर बसून, पोराच्या वयाच्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकली, त्याची चाचणी एकानेही इथे येऊन पाहू नये? समुद्राच्या लाटा नियमित असतात, असं यांना कोणी सांगितलं? हे मी एका दमात बोललो. माझ्या मानानं ते भाषणच होतं. दाजी डायनमोला तेल घालत होते. म्हणाले, "त्यांचं बी बरोबर हाय, पावणं. उद्या म्हस गाभण ऱ्हायली, तर लाट बदलणार की."

याचा मला सर्वांत जास्त राग येतो. त्यांना राग येतच नसे. छातीत दुखतंय हेही त्यांनी असंच सोडून दिलं. "टाकीची तारीख येऊ दे, मग बघू डॉक्टरचं," असं दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी काही बोललो नाही. तिथे भाषण करायला हवं होतं.

पत्र आल्यावर मी संस्थेला कळवलं. प्रबंध पूर्ण आहे, प्रत्येक चाचणीला मी हजर होतो, पिंप घेऊन मी येतो, असं लिहिलं. चार ओळींचं उत्तर आलं: उमेदवारानं स्वतः उपस्थित राहणं आवश्यक आहे. मी ते अक्काला वाचून दाखवलं. ती धार काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग म्हशीला धाडू काय? तीच तेवढी हाय आता सगळं बघितलेली."

मी म्हटलं, "मी पण होतो की अक्का."

"तू व्हतास," ती म्हणाली. "पण तू पाण्यात कवा उतरलास?"

दर रविवारी मी शेतावर जातो. मोटारसायकल गोठ्याला टेकवून ठेवली आहे. ती चालवायला मला येत नाही. तीन म्हशी आवाजाशिवाय तळ्याकडे फिरकत नाहीत. सर्वांत जड असलेली चौथी मात्र दुपारी चारच्या सुमारास आपली आपण उतारावरून खाली जाते. लाट येते, पिंप वर उचललं जातं, साखळी ओढली जाते.

प्रबंध माझ्याकडे आहे. पदवी मिळालेली नाही. चार वाजता म्हैस पाण्यात उतरते आणि गोठ्यातला दिवा थोडा वेळ लागतो.