बोलावणं तिला आलं

तिला दिल्लीचं बोलावणं आलं ते मला कोर्टाच्या बार रूममध्ये कळलं, चहाचा पेला तोंडाला लावलेला असताना. सरकारी कामासाठी जमीन घेताना शेतकऱ्यांची संमती कशी घेतली जाते, ते तपासणाऱ्या एका संसदीय समितीनं तिला साक्षीला बोलावलं होतं. सगळे वकील उठून तिचं अभिनंदन करायला लागले. मीही केलं, हात हातात घेऊन, दात दाखवून. उरलेला चहा मात्र तसाच ठेवला.

आम्ही दोघी बेळगावात एकाच सीनियरच्या हाताखाली तयार झालो. ती निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातली, मी वडगावच्या विणकराची मुलगी. ती घरातूनच कन्नड घेऊन आलेली. कोर्टात उभी राहिली की न्यायाधीश मान वर करून ऐकायचे. मी कन्नड बोलायला लागले की ते घड्याळ बघायचे. हे मी वीस वर्षं गिळलं. पण रस्त्यात जाणाऱ्या जमिनींचे खटले माझ्याकडे तिच्याइतकेच होते, चार जास्तच असतील. मग दिल्लीला तीच का?

जायच्या आधी ती पंधरा दिवस स्कूटरवरून गावोगाव फिरली. प्रत्येक पक्षकाराच्या घरी जाऊन लिहून घेतलं, तुझं काय सांगू आणि काय नको. दोघांनी नको म्हटलं, तर त्यांचे कागद तिनं घरीच ठेवले. मी म्हटलं, मिरवायला फिरतेय. नाव गाळलं की झालं, त्यात लिहून काय घ्यायचं? हे मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

ती परत आल्यावर मी तिला झेरॉक्सच्या दुकानाशी गाठलं.

"काय काय विचारलं गं?"

"अहवाल संसदेत मांडेपर्यंत बोलायचं न्हाय म्हणून सांगितल्यात."

"मला पण न्हाय?"

"तुला पण न्हाय," म्हणून ती हसली.

त्या हसण्यात खोट नव्हती, हे आज कळतं. तेव्हा माझा तिळपापड झाला. समिती लेखी निवेदनंही घेत होती आणि मुदत अजून संपली नव्हती. मी लिहायला बसले.

निवेदनात दम हवा होता, आणि दम होता उचगावच्या आप्पांच्या गोष्टीत. आप्पा माझे पक्षकार. दोघा भावांची सामाईक जमीन, धाकटा गोव्यात कारखान्यात. जमिनीच्या संमतीपत्रावर आपली खोटी सही कुणा एजंटानं ठोकली म्हणून धाकटा गावी आला की गावभर शिव्या घालायचा. आणि आप्पा एकदा माझ्यासमोर टोपी काढून गुडघ्यावर ठेवून म्हणाले होते, "बाई, धाकट्याची सही मीच केलो. साहेब म्हनला, आज शेवटचा दिवस हाय, भावाची तूच कर. केलो. त्याला हे दुसऱ्याकडनं कळलं तर त्यो माझं तोंड बघायचा न्हाय. मीच सांगतो कवातरी, माझ्या तोंडानं. तवर तुमच्यापाशीच ऱ्हाऊ दे."

"माझ्यापाशीच राहील," मी म्हणाले होते.

मी लिहिलं, "एका गावातील थोरल्या भावाकडून, गोव्यात नोकरीस असलेल्या धाकट्या भावाची सही अधिकाऱ्यांनी करवून घेतली." नाव नाही, गाव नाही. आप्पांना विचारायचं मनात आलं होतं. पण ते नको म्हणाले असते, आणि ते मला ठाऊक होतं, म्हणून नाही विचारलं.

निवेदन पाठवून गप्प बसले असते तरी कदाचित निभावलं असतं. समितीचे कागद असे बाहेर येत नाहीत. पण मी लिहिलंय हे कुणाला कळलंच नाही तर लिहून काय उपयोग? मी ते बारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अंगठे आले, फुलं आली. तिनं ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला एकटीला मेसेज केला: "ते काढ. आत्ताच काढ."

मला इतका आनंद झाला! आता हिच्या पोटात दुखतंय, म्हटलं. निवेदन ग्रुपवर तसंच ठेवलं आणि दिवसभर कुणाकुणाचा अंगठा आला ते बघत राहिले.

चौथ्या दिवशी ते गावात पोचलं. अशा गावात नाव लिहायची गरजच काय? सामाईक जमीन, थोरला गावात, धाकटा गोव्यात, असं घर एकच. महिन्याभरात धाकट्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका निघाली. निमंत्रकांत आधी थोरल्या चुलत्याचं नाव छापायचं ही रीत. पार दूरच्या मामांपर्यंत सगळी नावं होती, आप्पांचं नव्हतं. पत्रिका त्यांच्या घरी द्यायलाही कुणी गेलं नाही.

त्यानंतर आप्पा माझ्या ऑफिसात आले. हातात नवा वकालतनामा, त्यावर तिचं नाव. वकील बदलायचा तर जुन्या वकिलाची ना-हरकत सही लागते, ती घ्यायला आलेले. मी बसा म्हटलं, ते उभेच राहिले.

"आप्पा, नाव कुठं घातलं नव्हतं मी."

"व्हय बाई. नाव न्हवतं."

आवाजात राग नव्हता. मी सही केली. कागद हातातच धरून विचारलं, "धाकट्याशी बोलणं झालं का? काय म्हणाला?"

याच माणसानं मला घरातली भांडणं, सुनेचं दुखणं, सगळं न विचारता सांगितलं होतं. त्यांनी माझ्या हातातून कागद हळूच सोडवून घेतला.

"त्ये आता त्या बाईंस्नी सांगितलंय," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

तिच्यावर मी आयुष्यभर जळले. पण त्या दिवशी जेवढी जळले, तेवढी दिल्लीच्या बोलावण्यावरही जळले नव्हते.