सुरूच्या बनात लाडी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारा मी माणूस. गल्लीत कुणाला झाडाखाली काही दिसलं की मी विचारायचो, "आधी सांग, तंबाखू कसली खाल्ल्यालास?" त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटते... पण घडलं ते घडलं. तेही भर दुपारी.

मी दस्तगीर. कोल्हापुरात महाराजांच्या शिकारखान्यात चित्तेवान आहे — म्हणजे हरणाच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते सांभाळतो. चित्त्याला माणसाची सवय राहावी म्हणून तो आमच्या घरातच, आमच्या खाटेवर झोपतो. ऐकणाऱ्याला थाप वाटते, पण आमच्यात ही रीतच आहे. माझी लाडी नऊ वर्षं अशी माझ्या पाठीला पाठ लावून झोपली. सकाळी मान चाटून मला उठवायची. चित्त्याची जीभ म्हणजे कानस हो, कातडं सोलवटून निघायचं!

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, उतार पडेल. म्हणून मी जयसिंगपूरला दोस्ताच्या मुलीच्या लग्नाला गेलो. एका दिवसात परत यायचं, तर जेवणावळीच्या मोहानं आणखी एक दिवस राहिलो. परत आलो तेव्हा लाडी गेलेली होती. माझी बायको हलीमा शेवटपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "सारकी दाराकडं बघत हुती."

त्या एका वाक्यानं माझं अन्न तुटलं. लाडी माझ्यावर रागावून गेली, हेच डोक्यात बसलं. शिकारखान्यात नवा चित्ता यायचा होता. मी सांगितलं, मला नको. आमचे साहेब समजूतदार. म्हणाले, "दस्तगीर, चार दिस समिंदराची हवा खाऊन ये. आल्यावर सांग, जनावर घेतोस का हे काम सोडतोस."

आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याला गेलो. दुसऱ्या दिवशी भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि गावाबाहेर किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनात एकटाच जाऊन बसलो. वर सुरूची सूं-सूं, पलीकडे लाटा. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. घोंगडं अंथरलं आणि आडवा झालो — सवयीनं एका कडेला, अर्धी जागा मोकळी ठेवून. चूक ध्यानात आली, पण सरकून मधे झोपायला मन धजावलं नाही.

डोळा लागतो न लागतो तोच पाठीला ऊब लागली. मग वजन. मग ती घुरघुर... जात्यासारखी, संथ. चित्तेवान अशा वेळी झटकन वळत नाही. ते अंगातच मुरलेलं असतं. मी डोळे मिटूनच पुटपुटलो, "लाडे, चुकलो गं. यायला पायजे हुतं मी." घुरघुर थांबली नाही. मानेवरून खरखरीत जीभ फिरली. एकदा, दोनदा. मी लहान पोरासारखा रडलो आणि रडता रडता गाढ झोपलो.

जाग आली ती हाकेनं. सुरूच्या काटक्या गोळा करणारी एक म्हातारी लांब उभी होती. "काय हो, तुमचो कुत्रो खंय गेलो?"

"कुत्रा? माझ्याकडं कुत्रा न्हाय, आज्जी."

"खोटा कित्याक बोलतास? आत्ताच बघलंय मी. तुमच्या पाठीक पाठ लावन निजलेलो. केवढो थोरलो तो! म्हणान तर मी लांब उबी रवलंय."

घोंगड्याजवळ वाळूत पंजे उमटले होते, नखांसकट. बिबट्याची नखं उमटत नाहीत, चित्त्याची उमटतात. पण कुत्र्याचीही उमटतात, हेही मला ठाऊक आहे. कुत्राच असेल, असं म्हणत मी घोंगडं झटकलं, आणि मानेला घाम झोंबला. हात लावला तर कातडं सोलवटलेलं. कुत्र्याची जीभ मऊ असते हो.

कोल्हापूरला येऊन हलीमाला सगळं सांगितलं. ती थट्टा करेल वाटलं होतं. तिनं मुकाट्यानं हळद उगाळली आणि मानेला लावायला बसली. लावता लावता तिचा हात थांबला.

"ती जाताना जवळ मी हुते तिच्या," ती म्हणाली. "मग मला का न्हाय भेटली?"

मी म्हणालो, "तुझा निरोप घिऊन गेलती की ती. माझाच ऱ्हायला हुता."

हलीमा मग कितीतरी वेळ रडली. मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन नवं जनावर मागून घेतलं.

त्या दुपारी माझ्या पाठीशी कोण होतं, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. कुणी कुत्रा म्हटलं तर मी वाद घालत नाही. ती रागावून गेली नव्हती, एवढं मात्र मला कळलंय.