अकरा ते पाच बंद

सुधाकर गेल्याची बातमी मला कोणी कळवली नाही, मीच फोन करून ती ओढून घेतली. सकाळचे दहा वाजले असतील. स्नेहलच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लग्नाला पाच दिवस उरले होते आणि माझ्या वडिलांची जुनी कॉन्टेसा अजून सुधाकरच्या हुडकेश्वरच्या शेडमध्ये उभी होती. तिच्यात तो एसी बसवत होता. आदल्या संध्याकाळपर्यंत गाडी यायला हवी होती, आली नाही. मी फोन लावला, पलीकडून उचलला गेला आणि कोण आहे हे न ऐकताच मी सुरू झालो, ‘काय गा सुध्या, मजाक लावली का? घरी लग्न आहे, माहीत आहे ना तुले? दुसऱ्याले दिली असती तर आतापर्यंत दोन गाड्या झाल्या असत्या...’ बरंच काही बोललो. माझं सगळं बोलून झाल्यावर त्याच्या बायकोचा, कुंदावहिनींचा, आवाज आला, ‘भाऊजी, ते गेले. पहाटे. ऊन लागलं होतं त्यायले.’ मग म्हणाल्या, ‘गाडी झाली आहे तुमची. किल्ली घरी आहे.’

या गोष्टीला आता महिना-दीड महिना झाला. अशा लेखात माणसानं हळवं व्हावं, गेलेल्याचे गुण आठवावेत, डोळे पुसावेत अशी रीत आहे. मला ते जमत नाही, कारण मला राग आला आहे. घाटावर एक गृहस्थ हात जोडून म्हणाले, ‘काम करता करता गेला, भाग्यवान.’ त्यांचं ऐकून आणखी दोघं तेच म्हणाले. असलं भाग्य त्यांच्यापैकी एकालाही नको होतं, घाटावरसुद्धा ते झाडाची सावली धरून उभे होते. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं की हृदय बंद पडलं. पडणारच! चालू हृदयानं कोण मरतं? त्रेचाळीस वर्षांची दोस्ती, आणि तिचा शेवट कागदावरच्या एका ओळीत. पण खरं सांगायचं तर हा राग त्या गृहस्थांवर नाही आणि कागदावरही नाही. तो कोणावर आहे ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलो आहे.

आम्ही दोघं कोराडीच्या कॉलनीतले. दोघांचे बाप वीज केंद्रात, माझे ऑफिसात आणि त्याचे बॉयलरवर. दोरीवर वाळत घातलेल्या शर्टावर राख बसायची, ती झटकून आम्ही बस पकडून शहरात कॉलेजला यायचो. मी शिकलो, नोकरीला लागलो, पुढे धरमपेठेत घर केलं. तो वर्षभरात कॉलेज सोडून फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात बसला आणि तिथून गाड्यांच्या एसीकडे वळला. उंची जेमतेम पाच फूट. डॅशबोर्डखाली उताणा शिरला की बाहेर फक्त चपला दिसायच्या. ‘देवानं मले या कामासाठीच बुटका बनवला गा अर्व्या,’ असं तो मला म्हणायचा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जीवघेणे दिवस, लागले की सगळ्या नागपूरला एकदम एसीची आठवण होते. नेमक्या त्याच दिवसांत सुधाकर शेडवर पाटी लटकवायचा, ‘नवतप्यात अकरा ते पाच बंद’. लोक चिडायचे. तो म्हणायचा, ‘वरून पत्रा, खालून इंजिन, मधात मी. पोळी शेकाची आहे का माही?’ त्याच्या बापाला बॉयलरवर दोनदा चक्कर आली होती, त्यामुळे उन्हाशी तो मस्करी करत नसे. ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात कांदा ठेवायचा आणि अकराला शटर ओढायचा. स्वतःच्या घरात मात्र साधा कूलर होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं.

कॉन्टेसा माझ्या वडिलांनी जुनी घेतली होती. लांबलचक नाक, रुंद छाती, रस्त्यावर उतरली की पहिलवान आखाड्यात उतरल्यासारखी वाटायची. एसी नव्हता. वडील काचा खाली करून चालवायचे आणि त्यातच त्यांना रुबाब वाटायचा. स्नेहलचा हट्ट होता की सासरी जायचं ते आजोबांच्या गाडीतून. लग्न मे अखेरचं. शालू नेसलेली पोरगी त्या भट्टीत कशी बसवणार म्हणून मी मार्चमध्येच सुधाकरकडे गेलो. तो म्हणाला, ‘काही टेन्शन नाही. डॅशबोर्डखाली एसीचा डबा लटकवून देतो. एका सकाळचं काम.’

‘लटकता डबा नको,’ मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत, त्यात एक अक्षर इकडेतिकडे नाही. ‘पाहुणे काय म्हणतील? डॅशबोर्डातूनच हवा आली पाहिजे. कंपनीतून तशीच आल्यासारखी दिसली पाहिजे.’

‘पूरा डॅशबोर्ड खोला लागते मंग. हवेच्या जाळ्यायसाठी कापा लागते, मागून पाइप फिरवा लागते, त्याले जागाच नाही. काहून जिवाले तरास करतं?’

‘तुला जमत नसेल तर सांग.’

या एका वाक्याचा उपयोग मला लहानपणापासून माहीत होता. कॉलनीतल्या चिंचेवर मी त्याला याच वाक्यानं चढवत असे.

माप घ्यायला तो स्वतः घरी आला. त्याची पद्धत न्यारी होती. गाडीत जो जिथे बसणार त्याला तिथे बसवायचं, त्याच्या गळ्याच्या खड्ड्याला सुतळीचं एक टोक लावायचं, दुसरं सरळ डॅशबोर्डपर्यंत ताणायचं आणि टेकेल तिथे खडूची खूण करायची. जाळी तिथेच. त्याचं म्हणणं, हवा तोंडावर आली तर डोळे कोरडे पडतात, पोटावर आली तर वाया जाते, ती गळ्याच्या खड्ड्यावरच लागली पाहिजे. स्नेहल हसत म्हणाली, ‘काका, शालूचं माप घेताय का?’ तो म्हणाला, ‘शालूचं तुही माय घेईन वं. मी हवेचं घेऊन राहिलो.’ मला स्टीअरिंगवर बसवून माप घेताना मात्र कुरकुरला, ‘किती लंबा आहे गा तू. जाळी पार वर न्या लागते.’

आत बसवायची कूलिंग कॉइल मिळायलाच दीड महिना गेला. जुन्या गाडीला बसेल अशी, आणि मला हवी तशी मागे लपेल अशी. ती आली तेव्हा नवतपा लागायला चार दिवस होते. चार सकाळी त्यानं काम केलं, पण पाइप काही मागून फिरेना. पाचव्या दिवशी शेडवर पाटी लागली. त्या दिवशी मी त्याला तीन फोन केले. तिन्ही वेळा मी माझ्या खोलीत एसी लावून बसलो होतो, हेही लिहून ठेवतो. पहिल्या दोन फोनना तो म्हणाला, ‘उद्या सकाळी करतो.’ तिसरा फोन बारा वाजता. तो म्हणाला, ‘शटर ओढलं गा आता. पाटी लावली आहे.’ मी म्हणालो, ‘पाटी गिऱ्हाइकासाठी असते सुध्या. मी गिऱ्हाईक आहे का तुझं?’

तो म्हणाला, ‘बरं.’

एवढंच. दोस्तीत नाही म्हणायचं नसतं, असं आम्हा कॉलनीतल्या पोरांनी स्वतःला शिकवून ठेवलं होतं. त्याचाही मला राग येतो. अरे, नाही म्हणायचं होतंस! चार शिव्या हासडायच्या होत्यास. साऱ्या शहराला अकरा ते पाच बंद म्हणून ठणकावणारा माणूस एकट्या माझ्यापुढे का गप्प बसला?

लग्न झालं. पुढे ढकलता येत नव्हतं असं सगळे म्हणाले आणि मीही म्हणालो. स्नेहल त्या गाडीत बसायला तयार नव्हती. मग कुंदावहिनींनीच तिला फोन केला, ‘तुह्या काकानं तुह्यासाठी केलं आहे, बस.’ ती बसली आणि रडली ती आमच्यासाठी नाही, काकासाठी. मंडपाबाहेर पाहुणे गाडीच्या खिडकीतून डोकावून बघत होते. कुठे काप दिसत नाही, कुठे जोड दिसत नाही, कंपनीचंच वाटतं. मला हवं होतं तेच शब्द न् शब्द त्यांच्या तोंडून येत होतं. एक जण म्हणाला, ‘कोणी केलं हो? नंबर द्या ना.’ नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता... मी त्याच्याकडे पाठ फिरवून निघून गेलो. जावयाचा मामा निघाला तो. रागावला असेल तर रागावू दे.

तेरवीला मी हुडकेश्वरला गेलो. शेडवर पाटी तशीच होती, काढायला कोणाचा हात धजला नव्हता. कुंदावहिनींनी मला आत बसवलं आणि न विचारता सांगितलं. साडेबाराला शेडवर गेले, साडेचारला घरी आले. चेहरा लाल, पण हसून राहिले होते. म्हणाले, ‘झालं वं. मस्त थंडी मारून राहिला. दहा मिनिटं मी पण बसलो हवेत.’ मग उलटी झाली, मग अंग तापलं, मग ओळख पटेना. खिशात कांदा होता, तो पार वाळून गेला होता. हे सगळं त्या सरळ आवाजात सांगत होत्या. मी म्हणालो, ‘वहिनी, शिव्या घाला मले. मीच फोन केले होते.’

‘माहीत आहे मले,’ त्या म्हणाल्या. ‘तिन्ही वेळा मी बाजूलेच होती. आता काय करू शिव्या घालून? चहा घ्या.’

मी चहा घेतला.

गाडी आता धरमपेठेत, माझ्या दारात असते. लग्नात ड्रायव्हर होता आणि सगळ्यांनी मला मागे बसवलं होतं, म्हणून स्टीअरिंगवर मी पहिल्यांदा बसलो तो तेरवीनंतर. एसी लावला. हवा थंडगार, पण माझ्या गळ्याला लागेना, छातीवरच येत राहिली. मला वाटलं, माप चुकलं. इतकं सुतळी लावून घेतलेलं माप चुकलं कसं? मग वाकून पाहिलं. जाळी बरोबर जागी होती, खडूच्या खुणेवर. तिच्या पट्ट्या तेवढ्या खाली वळवलेल्या होत्या. माझ्या छातीपाशी जिथे हवा येते, तिथे सुधाकरचा गळा येतो. चार तास पत्र्याखाली शिजल्यावर त्याला जी दहा मिनिटं मिळाली, त्यांत त्यानं पट्ट्या स्वतःकडे वळवून घेतल्या होत्या.

मी रोज संध्याकाळी गाडी काढतो. छाती गार पडते, चेहऱ्यावरचा घाम तसाच राहतो. पट्ट्या वर करायला दोन बोटं पुरतात. मी करत नाही.