झांजीबारची भाकर

मधल्या सुट्टीत मी वर्गातच डबा सोडत होतो. दारात जेठा येऊन उभा राहिला. टोपी हातात होती आणि डोके भादरलेले होते. तेवढ्यावरून कळायला हवे होते. तरी मी विचारले, "काय रे, काका काय म्हणतात?"

"काका गयात, अण्णा. दहा दिन व्हयनात."

नंदुरबारात, माझ्या शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे हरिसंगभाऊ गेले आणि दहा दिवस मला पत्ता नव्हता. जेठा त्यांचा पुतण्या. आधी का कळवले नाही, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही... विचारण्याचा हक्क मी केव्हाच घालवून बसलो होतो.

हरिसंगभाऊ वहीवंचे होते. आमच्या कोरीटच्या आणि तापीकाठच्या आणखी काही गावांच्या कुळांच्या वंशावळी त्यांच्या घराण्याकडे होत्या. सुगी आटोपली की लांबट वह्यांचे लाल गाठोडे घोड्यावर घालून ते येत, ओट्यावर बैठक मांडत, आणि मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकेक नाव सुरात वाचत. मग नवे जन्म, नवी लग्ने लिहून घेत. ज्या घरची वही वाचली त्या घरी वहीवंच्याने जेवायचे, अशी रीत. तो जेवून उठला म्हणजे नोंद पक्की. आम्ही दोघे जवळपास एका वयाचे. मी शिकून मास्तर झालो तरी ते आले की कोरीटला धावत जायचो, आणि ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "ऊना मन्हा मास्तर! शाळा सोडीसन नावं येचाले ऊना."

अकरा वर्षांपूर्वी झांजीबारहून बोलावणे आले. तिकडे पेढ्या असलेल्या गुजराती मंडळींची मुले तिथेच जन्मलेली. त्यांना आपले कूळ सांगता येईना आणि सोयरिकी अडू लागल्या. म्हणून त्यांनी ठिकठिकाणचे वहीवंचे एकत्र बोलावून वंशावळींची परिषद भरवायचे ठरवले होते. हरिसंगभाऊंच्या वह्यांत सुरतेकडची काही घराणी होती. टपाल, कागदपत्रे, इंग्रजी बोलणे यासाठी त्यांनी मला सोबत घेतले. आगबोटीवर मी आडवा पडून होतो आणि ते मला लिंबू चाटवत होते. "मास्तर, मन्ही वही कोरडी शे, तूच भिजी ऱ्हायना," असे म्हणून हसत होते.

परिषद तिथल्या एका शेठजींच्या वाडीत मांडव घालून आठ दिवस चालली; आमचे राहणे-जेवणही तिथेच. काठेवाडचे, कच्छचे वहीवंचे पहिल्या दिवशी एकमेकांच्या वह्यांकडे संशयाने बघत होते. तिसऱ्या दिवशी एकमेकांची तुटलेली शाखा जोडून देऊ लागले. एक म्हातारा कच्छी तर हरिसंगभाऊंच्या गळ्यात पडला. त्याच्या वहीत दोन पिढ्या हरवलेले एक घर यांच्या वहीत सुखाने नांदत होते.

त्या मांडवाबाहेर रोज एक माणूस उभा राही. युसुफभाई. धंदा शिडे शिवण्याचा. आपल्याला कोणी आत बोलावणार नाही हे त्याला माहीत होते. चौथ्या दिवशी त्याने हरिसंगभाऊंना गाठले. "मेरे दादा नंदुरबारके थे. रंगारी. आपकी वहीमें होंगे?"

वहीत ते नव्हते; ती आमच्याच कुळांची वही. हरिसंगभाऊंनी तसे सांगितले, आणि मग त्याच्या आजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, गल्ली, विहीर असे विचारत सुटले. युसुफभाई मध्येच म्हणाला, "दादा हमको डांटते तो बोलते थे, कथा जास रे? ये कौनसी जबान है, यहां कोई नहीं जानता."

कुठे जातोस रे, असा त्याचा अर्थ; आमची खान्देशातली अहिराणी. हरिसंगभाऊ त्याचा हात धरून म्हणाले, "मन्ही शे. मन्ही भाषा शे ती, भाऊ."

त्या दुपारी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने कळण्याची भाकर केली होती. ज्वारीत उडीद दळून, खान्देशात करतात तशीच, आणि जोडीला लाल मिरचीचा ठेचा. सासूच्या सासूपासून चालत आलेली रीत, इतकेच तिला ठाऊक होते. आगबोटीवरचे दिवस धरून महिनाभर भात खाऊन कंटाळलेला मी. हरिसंगभाऊंनी एक भाकर खाल्ली. मी तीन खाल्ल्या. निघताना त्यांनी वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर युसुफभाईच्या चार पिढ्या लिहिल्या.

परत आल्यावर कोरीटला वही उघडली तेव्हा तेही पान त्यांनी मोठ्या कौतुकाने वाचले. "त्यासना घर आम्ही जेवनूत," असेही सांगितले. ओट्यावरची माणसे एकेक करून मागे सरकली. पंचांतले एक माझ्याकडे वळले. "मास्तर, तू बी?"

माझ्या मुलीचे, गोदूचे लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरले होते. हे कारण आहे, सबब नाही, एवढे मला आता कळते. मी म्हणालो, "मी शेठजींच्या वाडीतच जेवत होतो."

हरिसंगभाऊंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित सुटलो असतो. ते वही मिटत म्हणाले, "मास्तर खरं सांगस. मी एकलाच व्हतू तठे."

त्या दिवशी कोरीटला त्यांना कोणी वाढले नाही. वाढले नाही म्हणजे वही बंद. पुढच्या वर्षी शेजारच्या गावांनीही तेच केले. घोडा विकला गेला. पिढ्यान् पिढ्यांची नावे वाचणारा तो माणूस नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, पसरलेली मिरची उलथी करण्याच्या कामाला लागला. गोदू सुखाने नांदू लागली. मी कोरीटच्या पंगतीत बसत राहिलो.

युसुफभाईचे पत्र आले की हरिसंगभाऊ शाळेत यायचे, कारण उत्तर मीच लिहायचो. मिरचीने डोळे लाल झालेले असायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "हरिसंगभाऊ, त्या दिवशी ओट्यावर..." त्यांनी पत्र पुढे सरकवले. "पहिले हाई वाच. त्यानी पोरगीनं काय व्हयनं ते दख." पुढे लढाई पेटली, टपाल थांबले, आणि माझे बोलणेही राहिले.

गेल्या आठवड्यात मी जेठाकडे गेलो. त्याला म्हणालो, "माझे कूळ वाच." त्याने वहीचे गाठोडे सोडले. काकांचा सूर त्याला अजून नीट येत नाही. तो वाचत माझ्या नावापर्यंत आला आणि मला वाटले, आता थांबेल. तो थांबला नाही. पुढे माझ्या धाकट्या मुलाचे लग्न होते. दोन नातू होते, नावानिशी, तिथीनिशी. अडीच महिन्यांचे होऊन गेलेले तिसरे बाळही होते, ज्याचे नाव आमच्या घरात आता कोणी घेत नाही.

"हे काकांना कोणी सांगितले?"

"कोरीटन्या गाड्या पथारीवर येत ना, अण्णा. काका परत्येक गाडीवानले इचारेत. मास्तरना घर काय नवीन?"

मग मी म्हणालो, "जेठा, माझ्या नावाखाली लिही. झांजीबारला हाही जेवला होता, आणि कोरीटला खोटे बोलला."

त्याने वहीवर आडवा हात ठेवला. "नही अण्णा. वहीमा जलम लिखतस, लगीन लिखतस, मरन लिखतस. कोनं पाप लिखतस नही. काकासनी माले तेच शिकाडं."

कोरीटला या साप्ताहिकाचा अंक दर आठवड्याला जातो आणि चावडीवर मोठ्याने वाचला जातो. म्हणून इथे लिहितो आहे. मी तीन भाकरी खाल्ल्या होत्या.