वास असलेली बाटली

माझ्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. चिखलीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी रबराच्या रिंगा तपासते. ट्यूबलाइटखाली रिंग धरायची, चीर दिसली की बाजूला टाकायची. या कामात पापणी लवायचीही आठवण राहत नाही. थेरगावच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले आणि विचारलं, "मासे खाता का?"

"लग्नाआधी खायचे," मी म्हणाले.

माझं माहेर कोकणात, खाडीकाठी. सासर इथलंच, जुनं आणि माळकरी. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. मला कुणी बंदी केली नव्हती. विषयच कधी निघाला नाही, आणि विषय काढणारी मी नव्हे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग माशाचं तेल घेऊन बघा. फरक पडेलच असं नाही, पण बघा."

डांगे चौकातल्या मेडिकलमध्ये गर्दी कमी होईपर्यंत मी बाजूला उभी राहिले. दुकानातले पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, "भाभी, कधीच्या उभ्या आहात. बोला की." मी हळूच सांगितलं. त्यांनी आधी गोळ्या दाखवल्या, चिंचोक्याहून मोठ्या. माझ्या घशातून तापाची गोळीही कुटल्याशिवाय उतरत नाही. मग त्यांनी पातळ तेलाच्या दोन बाटल्या ठेवल्या.

"ही न्या. लिंबाचा स्वाद आहे, माशाचा पत्ताच लागत नाही. ती दुसरी साधी. वास मारते, कुणी नेत नाही."

"साधीच द्या."

"घरचे बाहेर काढतील, भाभी!" ते हसले. "उघडली की परत घेणार नाही, आत्ताच सांगतो. जेवणानंतर छोटा चमचा. आणि फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खराब होते."

खोक्यावर मासा होता. ते मी दुकानातच टाकलं. तपकिरी बाटलीवर नुसती इंग्रजी अक्षरं होती. फ्रिज म्हणजे आत्यांचं राज्य. मी बाटली त्याच्या दारातल्या कप्प्यात, खोकल्याच्या औषधामागे ठेवली. उद्या सांगू असं ठरवलं. उद्या आला की पुन्हा उद्या.

दुपारी मी जेवायला घरी येते. नवरा चाकणला ड्यूटीवर असतो, आत्या दुखरे गुडघे घेऊन आडव्या झालेल्या असतात. चमचा तोंडात घेतला की आधी जीभ बुळबुळीत होते, आणि मग वास नाकात मागून चढतो. माझे वडील होडी उलटी घालून तिच्या फळ्यांना माशाचं तेल चोपडायचे. तोच वास. मी गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून राहायची. समोर वर्कशॉपांचे पत्रे उन्हात हलायचे, पाणी हलतं तसे. तिथल्या प्रेस मशीनचा धप्प धप्प आवाज लांब जायचा आणि कुणीतरी वल्ही मारतंय असं वाटायचं. पडदा फुगायचा. एकदा तर मी पाय वर घेतले, भिजतील म्हणून. मग भोंगा व्हायचा आणि मी चपला शोधायची. डोळ्यांना बरं वाटायचं ते तेलानं की थेंबांनी, मला सांगता येणार नाही. पण त्या चमच्यावाचून दुपार मला दुपार वाटेना.

एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी भाजी घेऊन येत होते. आत्या भजनाहून परतत होत्या आणि त्यांच्या मागे गल्लीतली मांजरं चालली होती. संध्याकाळचं पिवळं ऊन, आत्यांचं नऊवारी लुगडं, आणि मागे ती शेपट्या वर केलेली रांग. मला वाटलं, मी अजून उंबऱ्यावरच बसलेय.

"व्हा मागं! काय झालंय गं ह्यांना आज?" मला बघून त्या थांबल्या. "आगं, फ्रिजात तू आणून ठेवलेलं त्याल घावलं, लई गुणाचं हाय. दोन दीस झालं लावतीया, गुडघं कसं हालकं झालं बघ. भजनात समद्या बायांना सांगितलं, सुनंनं न मागता आणलं म्हणून. पर वास काय मेला! शेजारची म्हणली, पेटीत उंदीर मेला का काय."

त्या हसत होत्या. एवढ्या खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. खरं सांगावं तर त्यांचा आनंद जाणार आणि माझी बाटलीही जाणार. गप्प राहावं तर त्या माळ घालून रोज अंगाला मासा चोळणार. ते मला बघवलं नसतं.

"आत्या, ते लावायचं नाही. पोटात घ्यायचं आहे. माशाचं आहे."

"कुणी घ्यायचं?"

"मी. डोळ्यांसाठी."

त्या पुढं चालू लागल्या. घरी येऊन मोरीत पाटावर बसल्या आणि डाळीचं पीठ मागितलं. मी ऊन पाणी ओतत होते, त्या गुडघे चोळत होत्या. मध्येच माळेला हात लावला.

"म्हंजी माझ्यासाठी न्हवतं."

"नाही."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. बाटली ओतून टाक म्हणतील, तर ओतायची, एवढंच मी मनाशी म्हणत होते.

"रोज पितीस?"

"चमचाभर."

"कसं लागतं?"

या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. कडू लागतं, असं म्हणणार होते. पण मी होडीचं सांगू लागले. फळ्या कशा तहानलेल्या असायच्या, तेल कसं पीत जायच्या, वडिलांचे हात कोपरापर्यंत कसे चमकायचे. मी इतकं सलग कधीच बोलले नव्हते. पाणी निवलं तरी आत्यांनी पाय हलवले नाहीत.

"फ्रिजात खालच्या कप्प्यात ठेव ती बाटली," शेवटी त्या म्हणाल्या. "देवाच्या दुधापासनं लांब. आन् उद्या माझ्यासाठी दुसरं आण, बिनमाशाचं. बायांना सांगून बसलीया मी."

"आणते."

मी तांब्या भरला. त्यांनी दुसरा गुडघा पुढं केला.

"आन् बाप होडी चोपडत बसायचा, तवा तुजी आय काय करायची?"