चार नंबर

मी पाच नंबर होतो. आमची पेट्रोल पार्टी, म्हणजे गस्तीची तुकडी, पाच जणांची. धुक्यात पुढचा माणूस दिसत नसे, म्हणून थांबलो की मोजणी व्हायची. हवालदार हळूच म्हणत, "एक." मग दोन, तीन, चार आणि शेवटी मी. चार नंबर म्हणजे विलास. नारायणगडाच्या पायथ्याचा, माझ्याच बीड जिल्ह्यातला.

"मी चार म्हणलो न्हाई, तर तुझं पाच कुठून येतंय बे?" तो चिडवायचा.

पुढं मांडीत गोळी लागून मी फौजेतून बाहेर पडलो. आता अंबाजोगाईला बी.ए. करतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. हे नीट लिहिता येईल का, माहीत नाही. झालं तेवढं सांगतो.

परवा इतिहास विभागाची सहल गोदावरीकाठच्या जुन्या रणांगणावर गेली. मराठे आणि निजाम इथं लढले. आता तिथं बाग आहे. फलकावर सरदारांची नावं आहेत, शिपायांची नाहीत. तिन्ही बाजूंनी उंच ऊस. वारा पडला होता, तरी एका जागी पाचट वाजत होतं. मी तिकडंच बघत राहिलो.

"फौजी, कावून मागं मागं चालतो बे?" वर्गातल्या संदीपनं विचारलं.

"सवय हाय."

निघताना मॅडमनी रांगेत मोजणी घेतली. मी सवयीनं पाचवा उभा राहिलो. माझ्या पुढं संदीपची जागा. एक. दोन. तीन.

पुढं कोणी बोललं नाही.

त्या दिवशीही असंच झालं होतं. नाल्यातून फायर आला. आम्ही जमिनीला चिकटलो. फायर थांबला, धुकं तसंच. हवालदारांनी मोजणी सुरू केली. एक. दोन. तीन. मी चारची वाट पाहत होतो. माझाही पाय रक्तानं भिजलाय, ते नंतर कळलं. मी पाच म्हणालो असतो, तर चार नाही हे ठरून गेलं असतं.

"पाच, बोल," हवालदार म्हणाले.

मी बोललो. ते सरपटत विलासपर्यंत गेले. मग वायरलेस उचलला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नंबर सांगा. ओव्हर."

"चार."

बागेत संदीप उसातून पळत आला. हातात उसाचं कांडं. "चार," तो हसत म्हणाला. माझ्या तोंडून पाच निघेना.

"घाबरला का बे?" बसमध्ये त्यानं विचारलं. मी त्याला विलासचं सांगितलं. पुढच्या सीटवर मॅडम होत्या. त्या मागं वळल्या नाहीत.

बीडच्या पुढं पालीजवळ चहाला थांबलो. निघताना पुन्हा मोजणी. तीनपर्यंत आली. संदीप रांगेतून निघून माझ्या मागं उभा राहिला.

"त्याचं बोल आधी," तो म्हणाला.

मी चार म्हणालो. मग पाच. संदीप सहा म्हणाला.

मोजणीत एक जण जास्त भरला. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "सगळे आलेत. चला."